एका खेपेला पाचशे

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र तसंच टोपलीत टाकलं नसशील तर वाच. आधीच सांगते, आई ठणठणीत आहे. आत्ता शेजारच्या खोलीत बसून माझ्या नावाने बोटं मोडतेय, कारण पाय उशीवर ठेवायचा सोडून मी टेबलाशी येऊन बसले आहे.

माझी शपथ मी मोडलेली नाही, हे ध्यानात ठेव. 'पुन्हा क्रेनच्या केबिनमध्ये बसेन तेव्हाच तुझ्याशी बोलेन, तोवर एक शब्द नाही,' असं मी अख्ख्या यार्डासमोर ओरडले होते. बोलणार नाही म्हटलं होतं. लिहिण्याचा विषयच निघाला नव्हता. पत्ता वहिनीने दिला. तिच्यावर डाफरू नकोस, मी तिला फार पिडलं.

तर बातमी अशी की मी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. अडीच वर्षं झाली. पोटाची पिशवी कापून मुठीएवढी केली आणि आतड्याला मधला रस्ता सोडून पुढे जोडलं. एकशे अडतीस किलोची होते, आता एकोणऐंशी. रस्त्यात भेटलास तर मलाच माझ्या घराचा पत्ता विचारशील. आई म्हणते, 'पोरगी अर्धी राहिली, तोंड मात्र तेवढंच आहे.'

हे सगळं कशासाठी केलं ते तुला सांगायला नको. सुंदर दिसायला नाही केलं. तू गेल्यापासून मी साधनांच्या कोठारात बसते, लोकांना माल अडकवायच्या लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, आणि उचलायचे पट्टे काढून देते. खिडकीतून क्रेनचे पाय दिसतात. सात वर्षं नुसते पाय बघतेय.

गेल्या महिन्यात मुकादमांनी बोलावलं. आठवतात ना, मान न हलवता 'हो' म्हणणारे? तेच. म्हणाले, 'पुढच्या डिसेंबरात नवी क्रेन उभी राहतेय. केबिन शेहेचाळीस मीटरवर. खुर्ची तुझी, पण डॉक्टरांचा कागद हवा.' मी त्याच दिवशी सरावाच्या शिडीवर चढायला लागले. तीन दिवस माकडासारखी चढले-उतरले. चौथ्या दिवशी शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाऊल टाकलं. पडले नाही, घसरले नाही, नुसतं पाऊल टाकलं. वीतभर उंची असेल. तर आतून कट् असा आवाज आला.

उजव्या पावलाचं हाड तडकलं. मग तपासण्या झाल्या. हाडांचे डॉक्टर पडद्यावरचा फोटो बघून म्हणाले, 'वय काय म्हणालात?' चव्वेचाळीस म्हटलं. 'हाडं सत्तरीची आहेत.' कागद द्यायचं नाकारलं. डिसेंबरच्या आत हाडं सुधारली तर बघू म्हणाले. नाही सुधारली तर खुर्ची दुसऱ्याची.

आणि गंमत अशी की कॅल्शियमची एकही गोळी मी अडीच वर्षांत चुकवलेली नाही. एकसुद्धा नाही. मग हे असं का व्हावं? तुला काही सुचलं तर सांग. नको, राहू दे, सांगू नकोस.

टिटवी

२ फेब्रुवारी

दादा,

कारण सापडलं. ऐकून हसशील. हस, मीही हसले, आणि मग दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

तिथे आहार बघणाऱ्या एक बाई आहेत, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, 'गोळ्या कधी घेता?' मी छाती पुढे काढून सांगितलं, 'रोज पहाटे पाचला. कॅल्शियमच्या तिन्ही, लोहाची एक, सगळ्या एकदम, चहाच्या कपाबरोबर.' त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. 'एकदम का?'

मी म्हटलं, 'बाई, वर चढायच्या आधी सगळं उरकायचं असतं. एकदा वर गेलं की दोन वाजेपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही, पाणीसुद्धा नाही. वर मोरी कुठे आहे?' तुला हे समजावून सांगायला नको. बावीस वर्षांची असल्यापासून हेच करत आले. आपल्या सगळ्यांचं असंच असतं, सकाळी पोट भरायचं आणि मग तोंडाला कुलूप.

बाई म्हणाल्या, 'पण तुम्ही तर कोठारात बसता ना? मोरी किती लांब आहे?'

सहा पावलं, दादा. मोजलेली आहेत. सात वर्षं मी मोरीपासून सहा पावलांवर बसून, चाळीस मीटरवर बसल्यासारखी वागत होते. कोणी विचारलंही नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. वरून खाली उतरवलं तरी मी काही उतरलेच नव्हते बघ.

मग बाईंनी कागदावर लिहून दाखवलं. शरीर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम उचलू शकतं. त्यावर कितीही टाका, ते आलं तसं निघून जातं. मला दिवसाला पंधराशे लागतं, म्हणजे तीन वेळा पाचशे, मधे काही तासांचं अंतर. शिवाय लोह आणि कॅल्शियम एकत्र आले की एकमेकांना दारात अडवतात, म्हणून लोहाची गोळी दोन तास तरी लांब ठेवायची. आणि मी घेत होते त्या खडूसारख्या गोळ्यांना विरघळायला पोटात भरपूर आम्ल लागतं. माझं पोट मुठीएवढं, आम्ल कुठून आणणार? आता सायट्रेटच्या गोळ्या दिल्यात, त्यांना आम्लाची तेवढी गरज नसते. सोबत ड जीवनसत्त्व, तेही कमी निघालं.

मी विचारलं, 'मग रक्तातलं कॅल्शियम दर वेळी बरोबर कसं यायचं?' तर म्हणाल्या, 'येणारच. रक्ताला कमी पडलं की शरीर हाडांतून काढून घेतं. समोरचं फडताळ भरलेलं दिसतं, मागचं कोठार रिकामं होत असतं.' एका हार्मोनची तपासणी केली की ही चोरी पकडली जाते. माझं हार्मोन दुपटीच्या वर निघालं.

तुला सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा वर्षं वजनाचा तक्ता डोळ्यांसमोर लावून बसणारी बाई मी! किती लांबवर किती उचलायचं हे झोपेत विचारलंस तरी सांगेन. तक्त्यापेक्षा एक किलो जास्त कधी उचलला नाही. आणि माझ्याच पोटावर रोज पहाटे तिप्पट भार लटकवत होते.

आता घरात तक्ता लावलाय. साडेसहा, साडेदहा, अडीच. लोह रात्री जेवल्यावर. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एका खेपेला पाचशे.' आई येता-जाता तो पाढ्यासारखा म्हणते. अडचण एकच आहे, या चघळायच्या गोळ्या खिशात ठेवल्या की दुपारपर्यंत त्यांचा भुगा होतो.

हे सगळं तुला लिहायचं काही कारण नव्हतं. लिहिलं, झालं.

टिटवी

२६ मार्च

दादा,

पार्सल पोचलं.

आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोकं तीनदा उलटं करून झटकलं. आईने त्यातला कागदही उजेडात धरून पाहिला. एक ओळ लिहायला हात मोडला होता का तुझा? नुसतं 'घे' लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

गोळ्यांचा पाउच सुरेख झालाय. जुन्या पट्ट्याची नवार आहे हे मी हात लावताच ओळखलं, आणि दुहेरी टाका तर तुझाच, शेवटी उलटा वळवून गाठ मारलेला. तीन कप्पे, प्रत्येकावर वेगळा रंग. कमरेला लावते. भुगा झाला नाही अजून एकाही गोळीचा. कोठारातल्या बायका विचारतात, 'कुठून घेतला?' मी म्हणते, 'असाच आला.'

तू कायम हातांनीच बोललास म्हणा. बाबा गेले तेव्हासुद्धा तू काही बोलला नव्हतास, माझी शाळेची चप्पल शिवत बसला होतास. आणि मी वर केबिनमध्ये, तू खाली खुणा करणारा, अशी तेरा वर्षं काढली आपण. तू हात केलास की मी उचललं, मूठ मिटलीस की थांबले. नवरा-बायकोतसुद्धा एवढं कोणी ऐकत नाही.

पाऊल बरं आहे. आता रोज जिने चढते, पाठीवर पाच किलो वाळूची पिशवी घेऊन. हाडांना भार लागतो म्हणे, नुसत्या गोळ्यांनी ती भरत नाहीत. आमच्या इमारतीतले लोक मला लिफ्ट बिघडलीय का असं विचारतात.

एक मात्र डोकं खातंय. वर गेले, समजा गेले, तर साडेदहाच्या गोळीचं काय? मोबाइल केबिनमध्ये बंद असतो, आणि मुकादमांकडचा वॉकीटॉकी फक्त अडीअडचणीला. हुकाला माल असताना मी घड्याळ बघत नाही, हे तुला माहीत आहे. खालचा माणूस थांब म्हणेपर्यंत दांड्यावरचा हात काढायचा नाही. म्हणजे खालच्यानेच आठवण करायला हवी. पण त्याला खूण कुठली? उचल, सोड, डावीकडे, सावकाश, सगळ्याला खूण आहे. 'बाई, गोळी खा' याला पुस्तकात खूण नाही. नव्या सिग्नलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'शिट्टी मारीन.' शिट्टीने क्रेन थांबवतात, एवढं तरी त्याला कळायला हवं.

तू असतास तर काढली असतीस एखादी. असो.

टिटवी

१४ जुलै

दादा,

हार्मोन उतरलं. दुपटीच्या वर होतं, ते आता मर्यादेच्या कडेला आलंय. बाईंनी चष्मा कपाळावरच ठेवला, म्हणजे सगळं ठीक. हाडांचा फोटो मात्र नोव्हेंबरात. हाडं भरायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, 'मला घाईची सवय नाही, मी क्रेनवाली आहे.' खोटं आहे ते. मी रोज कॅलेंडर बघते.

आता जे लिहिणार आहे ते एकदाच लिहीन. आईला वाचून दाखवणार नाही.

आपलं भांडण झालं त्या वर्षीच्या आरोग्याच्या फॉर्मवर माझं वजन शहाण्णव लिहिलेलं होतं. ते मी लिहिलं होतं. काट्यावर उभी राहिलेच नाही. नर्सबाई फोनवर होत्या, मी म्हटलं, 'मीच भरते, तुमचं चालू द्या.' खरं वजन एकशे अडतीस होतं. सुरक्षेच्या पट्ट्याची मर्यादा एकशे वीस. म्हणजे जवळजवळ वर्षभर मी जो पट्टा अंगावर घालून चढत होते, तो मला धरणार नव्हता. मला माहीत होतं. चढताना रोज माहीत असायचं.

त्या दिवशी तिसाव्या मीटरवर शिडीच्या पिंजऱ्यात अडकले तेव्हा लोकांना वाटलं, फक्त अडकली. तसं नव्हतं. डावा हात सुटला होता माझा. दोनदा. तू खालून बघत होतास, तुला दिसलं असणार. तू पट्टा न लावता चढून आलास आणि माझ्या पायाखाली खांदा लावून उभा राहिलास, बंबवाले येईपर्यंत, चाळीस मिनिटं. एक शब्द बोलला नाहीस. खाली उतरल्यावर मुकादमांच्या खोलीत जाऊन सही केलीस, 'ही वर जायला योग्य नाही.'

आणि मी सगळ्यांसमोर तुला काय काय बोलले! सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय दिलास म्हणाले. माझी क्रेन मत्सराने काढून घेतलीस म्हणाले. तू महिन्याभरात बदली मागून घेतलीस आणि मी लोकांना सांगत राहिले, बघा, तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून पळाला.

तू बरोबर होतास, दादा. मी खोटी होते. झालं लिहून. गोळीची वेळ झाली आहे, अडीच वाजले.

टिटवी

११ नोव्हेंबर

दादा,

भरली!

हाडं भरली रे! अगदी पंचविशीची नाही झाली, पण घसरण थांबलीच, वर कमरेच्या आणि मांडीच्या हाडांत वाढ आहे. हाडांचे डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघत होते, आणि मी खुर्चीच्या कडेला टेकून देवाचा धावा करत होते. मग म्हणाले, 'काय केलंत?' मी म्हटलं, 'तक्ता पाळला.' हार्मोन जागेवर, ड जीवनसत्त्व जागेवर, पाऊल जुळलेलं. शिडी चढायला लावली, खाली उभे राहून स्वतः नाडी मोजली. आणि कागदावर सही! शिक्क्यासकट!

मी तो कागद घेऊन दवाखान्याचे चार मजले धावत उतरले. घरी आले तर आई दारातच. कागद हातात घेतला, चष्मा शोधला नाही, वाचलाही नाही, नुसता छातीशी धरला. मग म्हणाली, 'त्याला कळवलंस का?' मी म्हटलं, 'कोणाला?' तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन पेनच घेऊन आले.

मुकादमांनी कागद वाचला आणि पहिल्यांदा मान हलवली. मी साक्षीदार आहे. बारा डिसेंबरला सकाळी पहिली खेप माझी. पोलादी पत्रे, साडेतीन टन.

तू यायचं काही कारण नाही. एवढ्या लांबून कशाला यायचं? तुझी पाळी असेल, वहिनीची तब्येत असेल. मी बोलावत नाहीये. नुसतं सांगते की फाटक आठला उघडतं, आणि जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभं राहायला परवानगी लागत नाही.

टिटवी

१२ डिसेंबर, केबिन

दादा,

वारा वाढलाय. यंत्रावर लाल दिवा लागला, काम अर्धा तास बंद. हुक रिकामा आहे, दांडे कुलूपबंद आहेत, म्हणून लिहितेय. अक्षर हलतंय कारण केबिन हलतेय. माझं काही हलत नाहीये. बरं, थोडं हलतंय.

शेहेचाळीस मीटर चढले. मधे दोनदा थांबले ते दम खायला, घाबरून नव्हे. तिसाव्या मीटरवर पिंजऱ्याला हात लावला आणि पुढे गेले. दोन्ही बाजूंना वीतभर जागा होती! पट्ट्यावर मर्यादा एकशे वीस लिहिलेली आणि आत मी अठ्ठ्याहत्तर, आज सकाळी काट्यावर उभी राहून, नर्सबाईंच्या डोळ्यांदेखत.

खुर्चीत बसले. हात आपोआप दांड्यांवर गेले, जणू काल संध्याकाळीच काढले होते. साडेतीन टन उचलले आणि पिसासारखे ठेवले. खालच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या वर ऐकू येत नाहीत, पण हात दिसतात.

दुसरी खेप उतरवली, तिसरी उतरवली. घड्याळाकडे ढुंकून पाहिलं नाही. मग सिग्नलवाल्याने मूठ मिटली. थांब. का थांब म्हणून मी खाली पाहिलं, तर तो माझ्याकडे बघतच नव्हता, पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवत होता. पट्ट्याबाहेर एक माणूस. वरून सगळी माणसं सारखीच दिसतात, पण डावा खांदा जरा उतरलेला दुसऱ्या कोणाचा आहे? त्या खांद्यावर मी चाळीस मिनिटं उभी होते.

तू हात वर केलास. मग वाकून मुठीने गुडघ्यावर दोनदा ठोकलंस. मग बोटं ओठांशी नेलीस.

हाड. मग तोंड.

ही खूण कुठल्याच पुस्तकात नाही. मला एका झटक्यात कळली. घड्याळात बरोबर साडेदहा. मी मधला कप्पा उघडला आणि गोळी तोंडात टाकली. अजून चघळतेय. रडताना चघळणं फार कठीण असतं, कधी करून बघ.

हे पत्र तुझ्याच पाउचमध्ये घालते आणि दोरीला बांधून खाली सोडते. पाउच परत हवाय, अडीचची गोळी त्यात आहे. मुकादमांना ही ओळ दाखव: 'पट्ट्याच्या आत येऊ द्या याला, माझा माणूस आहे.'

मी केबिनमध्ये बसले आहे, दादा. शपथ संपली.

मुकादमांच्या हातातला वॉकीटॉकी घे आणि कानाशी धर. मी बोलते.